ताईचा ड्रेस, माझं माप

आमच्या घरात कपडे वरून खाली यायचे. ताईला आखूड झालं की ते माझं. आई बाजूने टाके घालून माझ्या हातात द्यायची, आणि मी कटकट केली की म्हणायची, "नवीन कापड अंगाला टोचते, हे मऊ झालं आहे." त्यामुळे ताईला पाहायला नागपूरचे पाहुणे येणार म्हणून ड्रेस घ्यायचं ठरलं आणि आई मला म्हणाली, "तू चाल, तुझ्या अंगावर लावून पाहू," तेव्हा मी अशी फुगले की विचारू नका. पहिल्यांदाच आमच्याकडे उलटी गंगा वाहत होती.

आईनं कारणही सरळ सांगितलं. ताई सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कचेरीत होती, तिला रजा मिळत नव्हती, आणि पाहुणे रविवारी यायचे होते. आम्हा दोघींची उंची सारखी. फक्त ताई अंगानं भरलेली आणि रंगानं सावळी, बाबांवर गेलेली. मी आईसारखी गोरी आणि पाप्याचं पितर. "उंची जमली की झालं," आई म्हणाली, "बाकीचे टाके सैल करता येतात." मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे अक्कल यायचं वय होतं. पण कपड्यांच्या दुकानात जायचं म्हटलं की माझी अक्कल घरीच राहायची.

सोबत आत्या होती. ती नागपूरला राहायची आणि हे स्थळ तिनंच आणलं होतं. नागपूर आमच्या राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी आमच्या सोयरिकी तिकडेच व्हायच्या, आणि बहुतेक आत्याच्या तोंडून व्हायच्या. तिकडच्या मुलांना तेव्हा साडीतल्या मुलीपेक्षा पंजाबी ड्रेसमधली मुलगी पाहायची नवी हौस आली होती, हेही तिनंच सांगितलेलं. एरवी आत्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा. त्या दिवशी रिक्षात ती गप्प होती आणि मधूनमधून माझ्याकडे पाहून राहिली होती. प्रवासानं थकली असेल, असं मी समजले.

बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानदारांना आई चांगली माहीत होती. कपडा वर्षानुवर्षं टिकला पाहिजे, पहिल्या दिवशी महाग दिसला पाहिजे आणि मिळाला मात्र स्वस्तात पाहिजे, असा तिचा हिशेब. भाव पटला नाही की ती चपला घालून पायऱ्या उतरायची, आणि दुकानदार "बहनजी, सुनिए तो" करत मागे यायचा. मला त्या नाटकाची फार मजा वाटायची. आजही तेच होणार म्हणून मी ऐटीत गादीवर बसले.

दुकानदारानं आधी मरून काढला, मग गडद हिरवा. दोन्ही ताईचे रंग. तिला गडद रंग असा शोभायचा की रस्त्यात बायका विचारायच्या, कुठून घेतला म्हणून. आईनं दोन्ही बाजूला सारले. "हलका दिखाइए," ती म्हणाली. मग एक फिकट अबोली निघाला, गळ्याला बारीक कशिदा. दुकानदारानं तो माझ्या खांद्यावर टाकला आणि आरसा पुढे केला. "दीदी पर तो खिल रहा है." खिलत होता, खोटं काहून बोलू. मी स्वतःलाच बघत बसले.

मग मला ताईची आठवण झाली. "आई, ताईला नाही शोभणार हा. ती अजून सावळी दिसेल. तो मरून घे न."

"तुला कोणी विचारलं?" आई म्हणाली. ती आरशातून आत्याकडे पाहत होती. आत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "वहिनी, हाच."

पडद्यामागे जाऊन मी तो घालून आले. आईनं माझ्या कमरेजवळचं सैल कापड चिमटीत धरलं. मला वाटलं, ती म्हणेल, ताईला बरोबर होईल. तिनं विचारलं, "इससे छोटा है?"

त्या मापातच ताई कशीबशी मावली असती. "आई, ताईचा हातसुद्धा शिरणार नाही त्यात," मी म्हटलं. लहान मापाचा आला, घडी झाला, कागदात गेला. दुकानदारानं भाव सांगितला, घासाघीस होणार हे धरून चढवूनच सांगितला असणार, आणि आईनं चपला घातल्या नाहीत की तोंड वाकडं केलं नाही. निमूट पैसे काढले. तो दुकानदारही क्षणभर गोंधळला. मला एकदम घरी जावंसं वाटायला लागलं.

"चलो, बांगड्या भरून टाकू," आत्या म्हणाली.

बांगड्या दुसऱ्या कोणासाठी घ्यायच्या असल्या तर त्या दोऱ्यात ओवून आणतात, हे लहान पोरीलाही कळतं. गल्लीतल्या बांगडीवालीनं विचारलं, "किसको पहनना है?" ताईचं मनगट माझ्यापेक्षा जाड आहे, एवढं सांगायला मी तोंड उघडलं, तोच आत्यानं माझा हात उचलून बांगडीवालीच्या मांडीवर ठेवला. "इसको."

आमच्याकडे कार्यासाठी भरलेल्या बांगड्या कार्य होईपर्यंत हातातून उतरवत नाहीत. बांगडीवालीनं माझा पंजा दाबून लहान केला, अंगठा आत वळवला आणि एकेक बांगडी वर सरकवली. हात ओढून घेतला असता तर काच फुटून लागली असती. मी बसून राहिले.

"मला काहून?" मी विचारलं.

सांगितलं आत्यानंच. मुलाकडच्यांना ताईचा फोटो हवा होता. ताईचा एकच फोटो देखणा निघाला होता, मामेभावाच्या लग्नातला, आणि त्यात तिच्या शेजारी मी होते. वेगळा काढायला स्टुडिओत कशाला जायचं, हा आहे न चांगला, म्हणून आईनं तोच पाठवला होता, माझ्यासकट. त्या लोकांनी फोटो पाहिला आणि माझ्यावर बोट ठेवलं. ही पाहायची, म्हणाले.

"आणि ताई?"

"मोठीचंही होईल," आत्या म्हणाली. "घरात एक सोयरीक झाली की दुसरी जुळते. चालून आलेलं स्थळ कोणी परत पाठवते काय?"

"तिला माहीत आहे?"

"सांगू," आई म्हणाली. त्या वेळी ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. ती भ्यालेली होती.

रिक्षात पुडकं माझ्या मांडीवर होतं. मी ओढणी मनगटावर ओढत होते आणि बांगड्या वाजतच होत्या. रिक्षा मोडावी, रस्ता बंद असावा, काहीही व्हावं आणि घर येऊ नये, असं मला वाटत होतं. घर आलं.

ताई कचेरीतून आली होती. न्हाऊन, केस सोडून, तोंडाला बेसन आणि साय लावून बसली होती. बेसन वाळलं होतं, त्यामुळे तिला नीट हसता येत नव्हतं. "दाखव," ती ओठ न हलवता म्हणाली. आई सरळ स्वयंपाकघरात गेली. आत्या पाठोपाठ.

ताईनं कागद उलगडला. ड्रेस अंगाला लावून ती आरशासमोर उभी राहिली. मग तिनं तो उलटा करून मानेमागची मापाची पट्टी पाहिली. मग माझे हात. ती मूर्ख कधीच नव्हती. ड्रेस खाटेवर नीट ठेवून ती मोरीत गेली, आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

ती बाहेर आली तेव्हा मी रडत होते. "मी बसणार नाही त्यांच्यासमोर. रविवारी मी घरातच थांबणार नाही, पाहून घेऊ दे त्यांना भिंत."

"वेडी आहेस काय," ताई म्हणाली. तोंड धुऊन तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज रोजचा होता. "हात वर कर. बसतो का नीट ते पाहू दे."

मी हात वर केले. लहानपणापासून तिनं म्हटलं की करायचीच सवय. ड्रेस डोक्यावरून खाली येत होता, माझं तोंड अजून कापडात होतं, तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला. ती स्वयंपाकघराकडे बघून बोलत होती.

"आई, ते येतील तेव्हा मी घरी थांबू का बाहेर जाऊ?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. आई बाहेर आली नाही, पण उत्तर लगेच आलं. तिच्या मनात ते ठरूनच होतं.

"दुपारीच जा मैत्रिणीकडे. ते गेल्यावर ये."

"अच्छा," ताई म्हणाली, आणि तिनं माझ्या पाठीवरची चेन वर ओढली.