आदी कान, मग घड्याळ

मल्लूअण्णांकडे लॅपटॉप दुरुस्तीला नेला की पहिला पाऊण तास ते त्याच्या वाटेला जात नसत. बटण दाबायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघायचे आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. मशीन पूर्ण चालू झालं की जवळच्या दगडी पाटीवर वेळ लिहायचे. मग बंद करायचे, थोडं निवू द्यायचे आणि पुन्हा चालू करायचे. असं तीनदा. तेवढा वेळ गिऱ्हाइकानंही समोरच्या बाकावर गप्प बसायचं, अशी अट होती. कुणी चुळबुळ केली की म्हणायचे, "पावणं, मशीन सावकाश हाय म्हणून आलाय न्हवं? मग किती सावकाश हाय ते बघू तरी की."

चार वर्षांपूर्वी मी त्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना मी इंटरनेटवरून मराठी शिकवते. त्यांची संध्याकाळ ती आपली सकाळ, म्हणून वर्ग साडेसहाला. आणि माझा लॅपटॉप चालू व्हायलाच बारा मिनिटं घ्यायचा. सव्वासहाला बटण दाबलं तरी कधीकधी मध्येच अडकायचा आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. दोनदा वर्गाला उशीर झाला. पुण्याहून आमचं काम बघणाऱ्या मेधाताईंनी गोड आवाजात सांगितलं, की तिसऱ्यांदा असं झालं तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे द्यावा लागेल. नवऱ्याचा उचगावचा कारखाना नुकताच बंद पडला होता, घर माझ्याच कामावर चाललं होतं. शिवाय तीन वर्षं खपून तयार केलेले माझे त्रेसष्ट पाठ, चित्रांसकट आणि आवाजासकट, त्याच लॅपटॉपमध्ये होते. दुसरीकडे उतरवून ठेवू, ठेवू म्हणता राहून गेलं होतं.

दोन दुकानदारांनी झाकणही न उघडता नवा घ्या म्हणून सांगितलं होतं. अण्णांना हे कळलं तेव्हा ते नुसते हसले. "नवं घ्या म्हणायला अक्कल लागत न्हाय बाई, जीभ लागती," म्हणाले.

मंगळवार पेठेत तालमीच्या मागच्या बोळात त्यांच्या घराचीच पुढची खोली म्हणजे दुकान. वय पासष्टीचं, अंगात पांढरा हाफ शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्यावर सरकवलेला चष्मा. मूळचे कुरुंदवाडचे. तरुणपणी पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, मग टीव्ही दुरुस्त करायला लागले आणि टीव्ही कुणी दुरुस्त करून घेईना झालं तेव्हा पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. घरात कानडी, दुकानात मराठी. पण मशीनशी मात्र ते कानडीतच बोलत. पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागलं की हळू आवाजात म्हणायचे, "तडी, तडी, अवसर ब्याड." थांब, घाई नको. गिऱ्हाइकाशी इतक्या मायेनं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

आधी त्यांनी वैद्यासारखी चौकशी केली. कुठं ठेवता, उशीवर का टेबलावर? हात कुणाकुणाचे लागलेत? रोज नीट बंद करता का? मी म्हटलं, करते की. त्यांनी झाकण उघडलं तर कालचा अर्धवट पाठ जसाच्या तसा समोर आला. चालू व्हायचा वेळ वाचावा म्हणून मी बऱ्याचदा नुसतं झाकण मिटत होते, हे उघड झालं. "मशीन खोटं बोलत न्हाय, मालक बोलतो," एवढं म्हणून त्यांनी ते रीतसर बंद केलं आणि बटण दाबून हात मांड्यांखाली घातले.

बारा मिनिटं. मग अकरा. मग साडेबारा. मी बाकावर बसून दात आवळत होते. कालच्या वर्गाचा गृहपाठ तपासायचा राहिला होता, आणि हा माणूस समाधी लावून बसलाय. मला त्यांचा मनापासून राग आला होता, हे कबूल करून टाकते.

पाटीवर तीन आकडे झाल्यावर त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मशीन चालू होताना आपोआप काय काय सुरू होतं, ते बघायला लागले. थोड्या वेळानं पडदा माझ्याकडे वळवला. व्हायरस पकडणारे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच वेळी चालू होत होते. एक माझ्या दिरानं घालून दिला होता, दुसरा भाच्यानं आणि तिसरा मागच्या दुकानदारानं. आपल्याकडे पाहुणा आला की घरातल्या मशीनला काहीतरी औषध देऊन जातो आणि आधीच्यानं काय दिलंय ते विचारत नाही. अण्णा म्हणाले, "एका घरात तीन जावई एकदम आलं तर च्या आदी कुणाला द्यायचा? म्हणून ते बिचारं उंबऱ्यातच अडकतंय." दोन जावयांची त्यांनी बोळवण केली, बाकीचं सटरफटर बंद केलं आणि पुन्हा बटण दाबलं. सात मिनिटं. मला तेवढ्यानंही हायसं वाटलं, मी पर्स उचलली.

अण्णा उठले नाहीत. त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक लॅपटॉपच्या एका कोपऱ्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मोटारीचं बेअरिंग ऐकायची ही जुनी रीत. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. मूठ त्यांनी माझ्या कानाला लावली. आत टक्, टक् असा बारीक आवाज येत होता, मध्ये थांबून पुन्हा. त्यांनी समजावलं, की सगळं जिच्यात साठतं ती डिस्क आतून निकामी होत आली आहे आणि खरा उशीर तिच्यामुळं आहे. मशीन इथंच ठेवा, आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, सकाळी सहाच्या आत देतो, असा शब्द त्यांनी दिला. मी घासाघीस केली, रुसले, शेवटी ठेवून आले.

संध्याकाळी सातला त्यांचा फोन आला. "बाई, गेली. उतरवता उतरवता बंद पडली. एक बी पाठ हाताला लागला न्हाय." मी जिन्यावर बसले. त्रेसष्ट पाठ आणि उद्याचा वर्ग, दोन्ही एकदम डोळ्यांपुढं आलं. मला रडू आलं आणि ते त्यांना फोनवर ऐकू गेलं असणार.  मग ते म्हणाले, "सकाळी सहाला हितं या. माझ्या मशीनवर वर्ग घ्या. वेळ चुकायची न्हाय, एवढं तरी माझ्या हातात हाय."

सकाळी गेले तर त्यांच्या पत्नीनं, गिरिजाक्कांनी, खोली झाडून ठेवली होती आणि उघड्या मशीनांचा ढीग दिसू नये म्हणून मागं फुलाफुलांची चादर टांगली होती. साडेसहाला पडद्यावर नऊ मुलं आली आणि दहाव्या चौकटीत मेधाताई. दोनदा उशीर झाला म्हणून त्या स्वतः बघायला बसल्या होत्या. माझ्याकडे ना चित्र, ना पाठ. घरातल्या वस्तूंबद्दल बोलायचं ठरलं होतं, पण दाखवायला काही नाही. पाच मिनिटांत माझे शब्द संपले. त्याच वेळी मागची चादर एका बाजूनं सुटून खाली आली.

मुलं एकदम जागी झाली. हे काय, ते काय, कुणाचं आहे, असं इंग्रजीत सुरू झालं. मला काय सुचलं कोण जाणे, मी सांगितलं की मराठीत विचाराल तरच उत्तर मिळेल, आणि अण्णांना हाताला धरून कॅमेऱ्यासमोर बसवलं. ते आधी अवघडले. मग हातात एक पंखा घेऊन दाखवायला लागले, मग स्क्रू, मग तारा. मुलं अडखळत, शब्द शोधत विचारत होती, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तीन वर्षांत चित्रं दाखवून मी त्यांना जेवढं बोलतं करू शकले नव्हते, तेवढी ती बोलत होती. अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही.

शेवटी इरा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला नीट करता नाही आलं तर?"

अण्णांनी हातातला स्क्रू खाली ठेवला. "तर सांगायचं," म्हणाले. "कालच न्हाय आलं बग. ह्या तुमच्या बाईंचं तीन वर्षांचं पाठ मशीनमदी हुतं. मी आदी कान लावून ऐकाय पायजे हुतं. माझी आपली रीत म्हणून तीनदा चालू करून घड्याळ बघत बसलो. दम्याच्या माणसाला तीनदा जोतिबाचा डोंगुर चढाय लावल्यागत झालं ते." मग त्यांनी बरोबर मेधाताईंच्या चौकटीकडे बघितलं. त्या कोण ते त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. "ताई, आज पाठ न्हाईत, ती चूक माझी हाय. बाईंची न्हाय."

मला तोवर कळलंच नव्हतं, की चूक त्यांची आहे. मी सगळा दोष माझ्या आळसाला आणि माझ्या नशिबाला देऊन बसले होते. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर मला जन्मात पत्ता लागला नसता. स्वतःच्या दुकानात, अनोळखी मुलांसमोर, ज्या रीतीचा त्यांना एवढा अभिमान होता तिच्यातलीच खोट दाखवून ते मोकळे झाले. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं, ते नंतर कधी कमी झालं नाही.

दुपारी मेधाताईंचा फोन आला. वर्ग माझ्याकडेच राहणार होता. ते काका पुन्हा कधी येतील, असं चार पालकांनी विचारल्याचंही त्यांनी सांगितलं. त्यानंतर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी अण्णांच्या दुकानातून वर्ग घेऊ लागले. ते कधी रेडिओ उघडून दाखवत, कधी गिरिजाक्कांचा मिक्सर. मुलं 'व्हय की' म्हणायला शिकली, तेव्हा एका आईनं तक्रार केली आणि दोघींनी कौतुक केलं. हरवलेले पाठ मी चार-सहा महिन्यांत नव्यानं लिहून काढले. माझ्या लॅपटॉपला अण्णांनी आत काहीच न फिरणारी नव्या पद्धतीची डिस्क बसवली. आता तो वीस सेकंदांत चालू होतो.

अण्णांनी पाटीच्या माथ्यावर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं, 'आदी कान, मग घड्याळ'. पंधरा वर्षांची रीत त्यांनी एका दिवसात बदलली. नवीन गिऱ्हाईक पाटीकडे बघून काही विचारायला लागलं, की माझ्या डिस्कची गोष्ट सांगायचे, आणि मी तिथं असले तर बोट माझ्याकडे दाखवायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा म्हटलं, अण्णा, गिऱ्हाइकाला कशाला सांगता, पळून जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे की. ज्येला चुकल्यालं सांगता येत न्हाय, त्येच्याकडं मशीन ठेवायचं म्हंजे नुसतं देवाच्या भरवशावर." आजवर कुणी पळून गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

मागच्या वर्षी त्यांनी दुकान आवरायचं ठरवलं. डोळे साथ देईनात आणि कुरुंदवाडला धाकटा भाऊ एकटा होता. मी निरोपाला गेले तेव्हा टेबल रिकामं झालं होतं, खोक्यांना दोऱ्या बांधत गिरिजाक्का आत-बाहेर करत होत्या. अण्णांनी मला बाकावर बसवलं आणि शर्टाच्या खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला.

"तुमची डिस्क मी टाकली न्हवती," म्हणाले. "रोज सकाळी दुकान उघडायच्या आदी लावून बगायचो. गार असली की कवा दोन मिंटं चालायची, कवा तीन. मग गप. दुसऱ्या दिवशी परत. तीन वर्षांत एकेचाळीस पाठ निघालं. बाकीचं न्हाय निघालं."

मी पेन ड्राइव्ह उलटसुलट करून बघितला. त्यांनी मान हलवली. "तुमाला आता त्येचा उपयोग न्हाय, ते मला ठाव हाय. पर माझ्या हातनं गेलं हुतं."

पेन ड्राइव्ह मी तिथंच माझ्या लॅपटॉपला लावला. अण्णा शेजारी स्टुलावर बसले. मी अगदी सुरुवातीचा एक पाठ उघडला. माझाच आवाज आला, चिरका, घाईघाईनं बोलणारा, मुलांना एक शब्द पाच वेळा म्हणायला लावणारा. उत्तराला उसंतच द्यायची नाही, अशी ती बाई शिकवत होती. मला इतकी लाज वाटली की मी बंद करायला गेले. अण्णांनी हातानंच थांबवलं आणि डोळे मिटून तो सगळा पाठ शेवटपर्यंत ऐकला.

"बाई, राग मानू नगा," ते म्हणाले. "पर आता तुमी ह्यापेक्षा लई चांगलं शिकवताय."