मे महिन्यातली मोजणी

त्या माणसाने आमच्या घरी आमरस खाल्ला होता. वाटीवर वाटी. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलं आणि मला उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली, तीही पगारी. कंपनीचं ऑफिस नगरला, पण काम राहुरीकडच्या हायवेवर, थेट माझ्या गावच्या फाट्यावर. हायवे रुंद होणार होता, मधोमध डिव्हायडर येणार होता. तो कुठे उघडा ठेवायचा हे ठरवायला आम्ही वाहनं मोजायची, कोण कुठे वळतं, माणसं कुठून रस्ता ओलांडतात ते टिपायचं. आमचं गाव हायवेच्या एका अंगाला. शाळा, निम्मे मळे आणि कारखान्याची वाट दुसऱ्या अंगाला. फाटा बंद झाला तर अख्ख्या गावाला पार पुढच्या चौकातून वळसा. म्हणजे मी काय मोजतेय हे मला चांगलंच कळत होतं.

आधी गाव आम्हाला दारात उभं करेना. रस्त्याची माणसं आली म्हणजे जमीन जाणार, एवढंच लोकांना ठाऊक. शेवटी आप्पा, म्हणजे माझे वडील, पारावर जाऊन सांगून आले, "माझीच पोरगी हाय. तिला समदं खरं सांगा." मग चहावर चहा सुरू झाले. शेजारच्या काकू तर मला हाताला धरून घेऊन गेल्या आणि डोक्यावर घासाचा भारा घेऊन बायका नेमक्या कुठून पलीकडे जातात ते दाखवलं.

एकच गोष्ट मला खुपत होती. मे महिना होता. कारखान्याचा पट्टा कधीच पडला होता, उसाचं गाळप बंद. फाटा नुसता ओस. मोजणी बघायला आलेल्या कंपनीच्या साहेबांना, म्हणजे आमच्या सरांना, मी बाभळीखाली गाठलं.

"सर, आत्ता मोजून काय उपयोग? हंगामात इथे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर वळतात. ट्रॅक्टर गावाच्या रस्त्याला लागतो तरी मागची ट्रॉली हायवेवरच असते."

सर केवढे खूश झाले! "अरे वा! पुण्याच्या पोरांना हे सुचलं नसतं, बेटा. हंगामाचं आपण धरू की. तुमचा फाटा उघडाच राहणार, निर्धास्त राहा."

त्याच दुपारी ते घरी जेवायला आले. आईने आमरस केला, कुरडया तळल्या. निघताना आप्पांनी रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी दिली, सरांनी वाकून घेतली. आप्पा मग गावभर सांगत सुटले, "आपल्या फाट्याचं काम झालंच म्हनून समजा."

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीपुढे मांडव टाकून बैठक झाली. सर आले ते आप्पांनी दिलेली टोपी घालूनच. पडद्यावर नकाशा दाखवला आणि म्हणाले, "या फाट्यावर वळणारी वाहनं फारच कमी आहेत. त्यामुळे इथे डिव्हायडर सलग राहील."

एकच कालवा उठला. मागून कोणीतरी ओरडलं, "सायेब, मोजलं कधी? पट्टा पडल्यावं?"

सरांनी हसून माझ्याकडे बोट केलं. "मोजणी तुमच्याच मुलीने केलीय. घरच्या लेकीवर विश्वास नाही का?"

आप्पा माझ्याकडे बघत होते.

मी उठले. "सर, मी तुम्हाला हंगामाचं सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणाला होतात."

"बेटा, ऑफिसमध्ये बोलू," असं म्हणून त्यांनी माईक सरपंचांच्या हातात दिला.

ऑफिसमध्ये काय बोलणार? "एकेका गावाचं ऐकत बसलो तर रस्ता होईल का? शिकशील हळूहळू." वर सर्टिफिकेट दिलं, त्यात माझ्या कामाची तारीफ. मी समजत होते, वर्गातून मलाच घेतलं ते मार्क बघून. डोंबलाचे मार्क! गाव बघून घेतलं होतं. लोकांची तोंडं उघडायला घेतलं, आणि तीच बंद करायलाही मीच बरी सापडले. असा केसाने गळा कापला मेल्याने.

आता रस्ता झालाय. हंगामात आमचे ट्रॅक्टर उलट्या बाजूने, भर दिवसा लाईट लावून चौकापर्यंत जातात. त्यात आप्पाही असतात. ते परत येईपर्यंत आईचं लक्ष घरात नसतं. त्या बैठकीबद्दल आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा मी नगरच्या एसटीसाठी पलीकडे निघाले होते. काकू समोरून आल्या. त्यांनी आधी घासाचा भारा डिव्हायडरवरून अलीकडे टाकला, मग लुगडं सावरून स्वतः चढल्या. मी हात दिला. खाली उतरून त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, "मी तुला हीच जागा दावली हुती ना गं? तू त्यांला सांगितलं न्हवतंस का?"

"सांगितलं होतं, काकू."

"बरं," म्हणाल्या, आणि भारा उचलायला स्वतःच वाकल्या. मी पुढे केलेला हात त्यांनी या वेळी घेतला नाही.