साडूंचा लाल ठिपका

दोन वस्तूंमधली एक निवडायची वेळ आली की माझ्या थोरल्या साडूंइतका हतबल माणूस अख्ख्या आखातात सापडला नसता. मुलगी पाहून आल्यावर होकार कळवायला त्यांनी चार महिने लावले. पाचव्या महिन्यात कंटाळून सासऱ्यांनीच मुहूर्त काढला. दोहाच्या भाजीबाजारात ते दोन हातांत दोन दुधी घेऊन उभे असत, तोवर मी आठवड्याचं सामान भरून गाडीत जाऊन बसलेला असे. अशा माणसाला नशिबानं शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात स्टोअरकीपर करून ठेवलं होतं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. क्लबाच्या कतारी मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, पिस्तुलावर बसवायचे दोन रेड डॉट त्यांच्यापुढे ठेवले. लहानशा काचेत लाल ठिपका दिसतो. तो निशाणावर टेकवायचा आणि चाप ओढायचा. एकाची काच उघडी, दुसऱ्याची नळीत बंद. "यातला एक सांग, तीस मागवू. यल्ला, लवकर!" काम एवढंच. साडूंना त्याला तीन महिने पुरले नाहीत. उघड्या काचेवर धूळ बसेल, नळीतून आजूबाजूचं दिसणार नाही. याची बॅटरी बदलायची तर सगळं उपसावं लागतं, त्याचा ठिपका उन्हात फिका पडतो. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येऊन ते हे सांगत बसत आणि आमटी गार होई. पुढे तक्रार एकच उरली. "ठिपका गोल नाही रे. एकाला शेपूट आहे, दुसरा फुटलेल्या अंड्यासारखा." दोन्ही नग त्यांनी परत पाठवले. बदलून आलेलेही तसेच! मुदीर वैतागला. "शनिवारी सांग, नाहीतर खलास," असं त्यानं बजावलं.

त्या शुक्रवारी सकाळी साडू मला क्लबात घेऊन गेले. पिस्तूल रिकामं असल्याची तीनदा खात्री करून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "बघ. दिसतं ना शेपूट?"

मी एकातून पाहिलं, मग साडूंनी दुसरा बसवून दिल्यावर त्यातून. दोन्ही ठिपके टिकलीसारखे गोल होते. खोटं बोलावं असं फार मनात आलं.

"गोल आहेत," मी म्हणालो.

साडूंनी हात पुढे केला. पिस्तूल घेऊन त्यांनी डोळ्यांसमोर धरलं, मग आडवं केलं, मग उलटं. "हे फिरलं तरी शेपूट फिरत नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे ते माझ्याच डोळ्यात आहे." पिस्तूल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुला कुठला बरा वाटतो?"

"उघडा."

"मग तोच."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्ध्या मिनिटात निवड केली होती, आणि मला काही केल्या त्यांच्याकडे बघवेना.

तपासणीत कळलं, मधुमेहानं त्यांच्या डोळ्यांचा आतला पडदा खाल्ला होता. उरलीय तेवढी नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुदीरनं तीस नग मागवले आणि नवा स्टोअरकीपरही. साडूंना मुदीर प्रेमानं भेटला, पण थांब म्हणाला नाही.

कायमचं भारतात परतताना विमानतळावर साडूंनी मला हातही धरू दिला नाही. एकटे आत गेले आणि काचेपलीकडून वळून त्यांनी हसत हात हलवला, माझ्यापासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाकडे बघून. तो भला माणूस क्षणभर गोंधळला, मग त्यानंही हात वर केला. साडूंचं समाधान झालं. मी जागचा हललो नाही.