पियानोतला वास

आमच्या थेरगावच्या घरी पियानो आला तेव्हा मला सातवा महिना होता. मी शिकले त्या मिशनच्या शाळेने तो मोडीत काढला होता. गोदामात दोन पावसाळे पडून होता. बैलगाडीतून उतरवून ओसरीवर ठेवला, झाकण उघडलं, तर उंदरांच्या मुताचा उग्र वास आला.

सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. "आत मेलेला हाय का?"

लहानपणी त्यांनी प्लेग पाहिला होता. घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्यांत राहत. तिथून त्यांच्या दोन बहिणी परतल्या नाहीत. मेलेला उंदीर निघाला तर मला घेऊन त्या मळ्यातल्या खोपीत जाणार होत्या. थंडीचे दिवस होते. पहिलं बाळंतपण खोपीत होईल, या विचाराने मला झोप लागत नसे.

माझे यजमान कारखान्यात फिटर होते. रविवारी त्यांनी पियानोची खालची फळी काढली. आत लोकरीच्या पट्ट्या कुरतडून केलेलं घरटं आणि लेंड्या निघाल्या. सासूबाईंनी प्लेगात जाळत तसा गंधक जाळला. खोकत आम्ही तिघं अंगणात आलो.

"आई, उंदीर असता तर आपल्याआधी बाहेर आला असता," हे म्हणाले.

"हस. माळावर तू नव्हतास."

घरटं जाळलं. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून आतलं कोरं लाकूड पुसलं, वाळू दिलं. वास गेला. आभाळ भरून आलं, हवा दमट झाली, तसा परत आला. सासूबाईंनी अंथरुणं बांधली. रोज सकाळी त्या माझ्या काखा चाचपून प्लेगची गाठ आली का ते बघत. पुढे मीच त्यांच्याआधी चाचपू लागले.

शेवटी यांनी वाजवायच्या पट्ट्या एकेक उचलल्या. सासूबाई वळकटी काखेत घेऊन उभ्या होत्या. खाली लाकूड मुताने काळं पडलं होतं. उंदीर नव्हता. ते पुसलं, वाळल्यावर लाखेच्या पॉलिशचे हात दिले. वास पुन्हा आला नाही. वळकटी मात्र दारामागे बांधलेलीच राहिली.

बाळंतपण घरीच झालं. सुईणीने मूल सासूबाईंच्या हातात दिलं. मुलगा की मुलगी हे न बघता त्यांनी आधी त्याचे दोन्ही हात वर केले आणि काखेत बोट फिरवलं.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या.