पस्तिसावा दिवस

लग्न होऊन हसनाबादला आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. माहेर राजूरच्या पलीकडे, गाडीनं तासाभरावर. वडील गेल्यापासून आई तिथं एकटीच राहायची. पाच चुलत घरांत मिळून एक बैलगाडी होती, तिची पाळी आईकडे दर पाचव्या दिवशी यायची. पाळी बदलून मागायची तर विधवा बाईला चार बोलणी ऐकावी लागत, म्हणून ती मागत नसे. गुडघ्यांमुळं चालणंही होत नव्हतं. माझे सासरे मात्र दर सातव्या दिवशी राजूरच्या बाजाराला जात आणि मला सोबत नेत.

एका बाजाराच्या दिवशी आईचीही गाडीची पाळी होती, आणि राजूरला गणपतीच्या देवळापाशी आमची अचानक गाठ पडली. पुढचे दोन बाजार मी नुसती वाट पाहिली. तिसऱ्या बाजारात देवळापाशी बांगड्या विकणाऱ्या कासारणीनं सांगितलं, तुझी आई काल दुपारपर्यंत पायऱ्यांवर बसून गेली.

वडिलांनी मला शाळेत घातलं होतं. तिथं मुलगी मी एकटीच. मास्तर गणित उर्दूतून शिकवत. दोन आकड्यांच्या पाढ्यांत पहिल्यांदा जुळणाऱ्या संख्येला ते ‘जू अजआफे अकल’ म्हणत. आम्हाला त्यातली अक्कल तेवढी कळायची. त्या संध्याकाळी चुलीमागच्या भिंतीवर मी कोळशानं साताचा पाढा लिहिला आणि खाली पाचाचा. दोन्हीकडे पहिल्यांदा सापडले ते पस्तीस. भेटीला एकवीस दिवस झाले होते, म्हणजे चौदा उरले. पुढच्या बाजारी कासारणीच्या हाती आईला निरोप धाडला.

बराबर त्या दिवशी आई आली. दर पस्तिसाव्या दिवशी अशीच गाठ पडेल, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं विचारलं,

“याच्याहून कमी न्हाई का व्हत?”

“न्हाई. हाच सगळ्यात ल्हान आकडा हाय.”

मग तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली.

परतताना सासऱ्यांनी विचारलं, भिंतीवर कोळशानं काय लिहिलंस? भिंत खराब केली म्हणून रागावतील असं वाटलं, पण सगळं खरं सांगितलं. ऐकून त्यांनी नुसते बैल हाकले.

दहा-बारा दिवसांनी सकाळीच त्यांनी बैल जुंपले आणि मला गाडीत बसायला सांगितलं. आज तर बाजार नाही, मी म्हणाले.

“बाजार न्हाई म्हणून बैल चालत न्हाईत का? तुझ्या मायच्या घरीच जाऊ.”

आई अंगणात ज्वारी पाखडत होती. आम्हाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली.

“माझी मोजणी चुकली का गं?” तिनं घाबरून विचारलं.

मला रडू आवरेना. सासऱ्यांनीच सांगितलं की मोजणी बिलकुल चुकली नाही, आणि बाजेवर बसून तिच्याकडे पाणी मागितलं. आई होती तोवर दोन भेटींच्या मधे एकदा तरी ते मला असे घेऊन जात राहिले.