अंतरपाट पडला तेव्हा

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि अण्णा, म्हणजे तिचा बाप, माझा थोरला भाऊ, छातीत कळ येऊन दवाखान्यात पडला. लग्न रविवारी, त्याचं ऑपरेशन सोमवारी सकाळी. मुहूर्त पुढे ढकलायचा नाही, असं त्याने सगळ्यांना बजावलं आणि मला एकट्याला थांबवून घेतलं.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरीला त्यानेच वाढवलं आणि हे स्थळही त्यानेच, जरा घाईने, ठरवलं. मुलगा पुण्याचा, पण इथे बंगळुरात इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला. पोरीला विचारलं तेव्हा ती नुसतं कानडीतलं ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणाली होती. हो म्हणाली की नाही म्हणायचा कंटाळा केला, हे बापाला कळलं नव्हतं. आता अंथरुणावर पडल्या पडल्या तेच त्याला कुरतडत होतं.

“स्वल्प, जरा जवळ ये,” तो म्हणाला. “अंतरपाट पडतो तेव्हा पोरीला तोंड लपवता येत नाही. तेवढा एक फोटो संध्याकाळी आणून दाखव मला. ती मनापासून उभी आहे की माझ्यासाठी, ते बघू दे. मग उद्या काय व्हायचं ते होवो.”

मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन घाबरलो.

आमच्या बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत अंतरपाट खाली आला की वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात. कानडी शेजाऱ्यांकडून ही रीत आमच्यात कधी आली कोण जाणे. दोघांचे हात लगेच वर जातात आणि चेहरे हातांआड होतात. म्हणजे मधे जेमतेम पापणी लवायला वेळ. तेवढ्यात फोटो काढणारा म्हणून घराण्यात माझं नाव होतं. व्हिडिओवाला अण्णानेच नको म्हटला होता, तू असताना तो कशाला म्हणून. आता ऐन लग्नसराईत व्हिडिओवाला मिळणार कुठून?

माझा कॅमेरा जुना. त्यात बघायची खिडकी भिंगाच्या शेजारी, वेगळी असते. खिडकीत माणूस एकावर एक असा दुहेरी दिसतो. भिंगाचं कडं फिरवत ती दोन रूपं एकमेकांवर बसवली की फोटो स्पष्ट येणार. बटण दाबतानाही खिडकीत अंधार होत नाही, समोरचं सगळं दिसत राहतं. पण रोल धुवायला हवा, आणि इथल्या शिवाजीनगरातलं माझं रोल धुवायचं नेहमीचं दुकानच काय, रविवारी सगळीच दुकानं बंद. संध्याकाळपर्यंत फोटो मिळणं शक्य नव्हतं.

मार्ग काढला तो नवऱ्यामुलाने. तो कामासाठी अमेरिकेला गेला होता तेव्हा तिथून त्याने डिजिटल कॅमेरा आणला होता. “काका, डोंट वरी, एकदम सिंपल आहे. मागच्या स्क्रीनवर लगेच दिसतो फोटो,” असं म्हणून त्याने तो माझ्या हातात ठेवला.

सिंपल म्हणे. मला त्या दिवसांत झोप नव्हती. निगेटिव्ह नाही, मग फोटो असतो कुठे? त्या बोटभर कार्डात? ते पुसलं गेलं तर? सेल तर असे संपायचे की स्क्रीन चालू ठेवायची भीती वाटावी. सगळ्यात वाईट म्हणजे बटण दाबलं की तो विचार करायचा. मी घरी बायकोच्या हातून टॉवेल खाली टाकवून सराव केला, तर प्रत्येक फोटोत टॉवेल जमिनीवर आणि बायको वैतागलेली. शेवटी कळलं की टॉवेल सुटायच्या जरासं आधी दाबायचं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं म्हणतात ते हेच, हे कळत होतं. पण पळत्याशिवाय संध्याकाळी अण्णाकडे जायचं कसं?

लग्नात दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून उभा राहिलो. मंगलाष्टकं संपत आली तसा जुना खाली सोडला आणि नवा समोर धरला. स्क्रीनवर पुतणीचे झुकलेले डोळे, कापडाची कड. भटजींचा आवाज चढला. कापड सुटायच्या जरासं आधी मी बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. ती पुन्हा उजळली तेव्हा जिरे-गूळ डोक्यावर होता, अक्षता उडत होत्या आणि पोरीच्या तोंडासमोर तिचाच हात होता.

फोटो आला असणार, अशी माझी खात्री होती. वेळ बरोबर साधली होती. घाईघाईने आणखी दोन-तीन काढले आणि कार्ड भरल्याची खूण आली. रोल संपला की तो गुंडाळायचा, लगेच बाहेर काढायचा आणि खिशात घालून वर हात ठेवायचा, ही माझी कायमची सवय. जित्याची खोड. तांबडा दिवा लुकलुकत होता (म्हणजे फोटो अजून कार्डात उतरत होते, हे मला मागाहून कळलं) तरी मी झाकण उघडलं, कार्ड उपसलं आणि खिशात घातलं. फोटो उघडून बघितला नाही. सेल अण्णासाठी राखायचे होते, आणि रोल धुतल्याशिवाय बघायचा नसतो हेही हाडीमाशी भिनलेलं.

वऱ्हाडाची पुण्याची गाडी संध्याकाळची होती, आणि तीही चुकवायची नाही, ही अण्णाचीच ताकीद. पुतणी रडत रडत स्टेशनवर गेली, मी दवाखान्यात गेलो. एकालाच आत सोडत होते, तेही थोडा वेळ. अण्णाने चष्मा आधीच लावून ठेवला होता. मी कार्ड घातलं, कॅमेरा चालू केला. कार्ड वाचता येत नाही, असं स्क्रीनवर आलं. काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. घाईत भलतंच झाकण उघडलं आणि सेल गादीवर सांडले. (पुढे जावयाने कंप्युटरवरही प्रयत्न केला. त्या कार्डातून काहीच निघालं नाही.)

अण्णाने माझ्या हातावर हात ठेवला. “राहू दे ते यंत्र. तू सांग. हसली का रे ती?”

निगेटिव्ह, सेल, कार्ड, या सगळ्यांची काळजी केली होती मी. त्या क्षणी मी स्वतः तिला बघणार नाही, ही एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. जुन्या कॅमेऱ्याचा रोल कोरा निघाला असता तरी मी तिला बघितलं असतं.

“मला दिसलं नाही, अण्णा. स्क्रीन काळी झाली होती.”

चष्मा काढत तो म्हणाला, “मी तिथे नव्हतो म्हणून मला नाही दिसलं. तुला काय झालं होतं?”

नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. मी गादीवरचे सेल गोळा करून बाहेर आलो. सकाळी त्याला आत नेलं. तो परत आला नाही.

पुतणीचा संसार पुढे इथेच, बंगळुरात सर्जापूर रोडला झाला. बाबांनी माझा फोटो बघितला होता का, असं ती एकदा विचारून गेली. मी हो म्हणालो. त्या दिवशी ती हसली होती का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.