पाऊस अडवणारं पोर

त्या वर्षी पाऊस का पडत नाही याचं कारण मी चर्चमध्ये उभा राहून सगळ्यांना सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.

माहीत असायला हवं होतं, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचो. आठवडाभर नववीच्या वर्गात फळ्यावर सह्याद्री काढायचा, अरबी समुद्राकडून बाण आणायचे, ढग पलीकडंच रिकामे होतात आणि आपण पर्जन्यछायेत राहतो हे पोरांकडून घोकून घ्यायचं, हाच माझा धंदा. पण रविवारी कोट अंगावर चढला की माझा सह्याद्री भुईसपाट व्हायचा. त्यातून आमच्या छावणीतल्या चर्चनं पावसासाठी उपास-प्रार्थनेचा दिवस ठेवला आणि नेमका त्या दिवशी पाळकसाहेबांचा घसा बसला. चर्चच्या पंचांमध्ये मीही होतो, आणि त्यांत मोठा आवाज माझा. डोकं कोणाचं मोठं, हे कोणी विचारलं नाही.

मी बायबलातली, म्हणजे आमच्या शास्त्रातली, ती जुनी गोष्ट घेतली. एक माणूस लुटीतला भारी झगा आणि थोडं सोनं आपल्या तंबूखाली पुरून ठेवतो आणि त्याच्या एकट्यापायी सगळ्या सैन्याची हार होते. सांगता सांगता मला रंग चढला. प्रवचनाच्या पुलपीटवर हात आपटून मी म्हणालो, "धरणात गाळ उरलाय, जनावरं दावणी सोडून चाऱ्याच्या मागं गेली, का? आपल्यातच कोणाच्या तरी तंबूखाली काहीतरी पुरलेलं आहे म्हणून! कोण आहे तो?"

नुसता पंख्यांचा आवाज राहिला. मला वाटलं, वा, काय प्रवचन झालं!

परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. चर्चच्या स्वयंपाकघरातला कधीचा हरवलेला मोठा डाव कोणीतरी गुपचूप पायरीवर आणून ठेवला. गीतांची पुस्तकं परत आली. त्यांतली काही आमच्या चर्चची नव्हतीच. लोक एकमेकांच्या अंगणाकडं जरा जास्त वेळ बघू लागले.

आता माझ्या तंबूखाली काय होतं तेही सांगून टाकतो. पाण्याची मोटर. शहर चारी अंगांनी सुटलं होतं. बायपासपलीकडं जिथं आम्ही पोरपणी बोरं खायला जायचो तिथं चार-चार मजले चढत होते, आणि आमच्या नळाला पाणी आठवड्यातनं एकदा, तेही पहाटे, तेही करंगळीएवढं. म्हणून नळाला चोरून मोटर लावायची. गल्लीत ती सगळ्यांकडं होती आणि कोणाकडंच नव्हती. आमची उलट्या घमेल्याखाली असायची, पण तिचा आवाज घमेल्यात मावेना. त्यावर बायकोनं तोड काढली. पाणी आलं की कौटुंबिक प्रार्थना. मी, ती, मुलगा आणि गावी पिशोरला विहीर आटली म्हणून लेकीकडं राहायला आलेल्या सासूबाई, असे चौघं अंगणात उभं राहून मोठ्यानं गीतं म्हणायचो. बायको मधेच खूण करायची, "शेवटचं कडवं परत घ्या, टाकी अर्धीच आहे." शेजारी एक निवृत्त कारकून राहायचे, सोवळ्यातले गृहस्थ. ते कुंपणावरून म्हणायचे, "काय हो तुमच्यातली भक्ती! पहाटेसुद्धा?" पाणी आलं की त्यांच्याकडची आरतीही भलतीच लांबायची, म्हणून मी तो विषय वाढवत नसे.

तर, प्रवचनानंतर दोन-तीन दिवसांनी मी गच्चीवर टाकीत काठी घालून पाणी बघत होतो, तेव्हा मुलगा वर आला. पंचविशी उलटलेला, वाळूजला कंपनीत नोकरीला, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा तो एकटाच.

"पप्पा, तुम्ही रविवारी म्हणालात ना, कोणीतरी काहीतरी लपवलंय..."

"हळू बोल."

"ते आपल्याच घरात आहे."

"अरे हळू! शेजारी ऐकतील. आणि आपल्याच काय, सगळ्यांच्याच घरात आहे."

तो चमकला. "सगळ्यांच्या?"

"निम्म्या मंडळीच्या तरी. पाळकसाहेबांची तर दीड हॉर्सपॉवरची आहे."

तो कठड्याला टेकून म्हणाला, "पप्पा, मी मोटरीबद्दल बोलत नाहीये."

मग तो बोलला. त्याला मुलींविषयी तसं काही वाटत नाही, मुलग्यांविषयी वाटतं. कळायला लागल्यापासून असंच आहे. तेव्हा जालन्याच्या स्थळाला होकार कळवू नका. मी हातातली काठी टाकीतच सोडली आणि विचारलं, "कधीपासून होतंय असं?" जणू त्याला ताप आला होता.

"आत्ताच सांगितलं ना, पहिल्यापासून." तो म्हणाला. "तुम्ही 'कोण आहे तो' म्हणून ओरडलात तेव्हा मी ऑर्गनवर होतो. मला उठूनही जाता येईना. आणि गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. पुढं त्या माणसाला दगडांनी मारतात. पोराबाळांसकट. त्याची गाढवंसुद्धा सोडत नाहीत."

"वेळ संपली होती रे," मी म्हणालो. ते खरं होतं, पण त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं.

त्याचं मागणं अगदी छोटं होतं. "मला चर्च सोडायचं नाही. मी प्रार्थना करतोच की. पण माझ्यामुळं पाऊस थांबला असं ऐकून मला तिथं वाजवता येणार नाही. जिथून बोललात तिथूनच सांगा, चुकलो म्हणून. माझं नाव घेऊ नका. नाहीतर कंपनीची चेन्नईला जागा आहे, जायला कोणी तयार नाही. मी जाईन. आणि गेलो तर नाताळलासुद्धा येणार नाही."

सरळ माणसानं पुढच्या रविवारी उठून दोन वाक्यं बोलली असती. मी आधी पाळकसाहेबांकडं गेलो.

त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, मग विचार करून म्हणाले, "मास्तर, उपास धरा. आणि त्याचं लग्न उरका. लग्न झालं की सगळं बसतं." मी घरी येऊन शास्त्र चाळलं. लग्न न केलेली माणसं शोधली. बरीच निघाली, आणि त्यांतली काही तर फारच वरच्या जागेवरची. हे पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही फार वाचू नका. आणि हे बाहेर काढू नका."

बाहेर मीच काढलं. आमच्या लोकांत चहाडी करत नाहीत, प्रार्थनेचा विषय देतात. बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत विषय मागितले तेव्हा मी हात वर करून म्हणालो, "माझ्या एका मित्राचा मुलगा आहे, जरा नाजूक बाब आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा." मला एकही मित्र नाही, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. त्या रात्री सगळ्यांनी डोळे मिटून मित्राच्या मुलासाठी कळकळीनं प्रार्थना केली आणि डोळे उघडून माझ्या बायकोकडं पाहिलं. पुढं दोन दिवसांत ती गुलमंडीच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेली, तर तिथं चर्चमधल्या दोघी तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "धीर धरा हं, बाई." ती कापड न घेताच परत आली.

मुलानं आईला आधीच सांगितलं होतं. ती त्याच्यावर ओरडली नाही, रडलीही माझ्यासमोर नाही. फक्त पहाटेचं गाणं तिनं बंद केलं. त्या आठवड्याचं पाणी आलं, मोटर उघडी घरघरली आणि आम्ही चौघांनी चार दिशांना तोंडं करून बादल्या भरल्या. शेजारच्या कारकुनांनी काळजीनं विचारलं, "भजन बंद का?"

रविवार आला. साक्षीची वेळ झाली. ज्याला देवाविषयी काही सांगायचंय त्यानं तेव्हा पुढं यायचं असतं. मी गेलो. ऑर्गनवर फडकं टाकलेलं होतं. समोर बायको, तिच्या शेजारी सासूबाई. मी म्हणालो, "गेल्या वेळी मी विचारलं होतं, कोणी काय लपवलंय. तर आज मी कबूल करतो..." इथं सगळ्यांचे चेहरे पुढं आले. मला काहीतरी कबूल करणं भाग होतं. "...माझ्या नळाला मोटर आहे."

मागून एक बाई म्हणाली, "नावं घेणार आहेत की काय आता?" आणि एकदम कल्ला उठला. पाळकसाहेबांनी बसक्या घशानं गीत सुरू केलं, तेही भलतंच. ऑर्गनवाचून ते कुठल्या सुरात संपलं ते देवच जाणे.

त्या आठवड्यात मंडळीनं लाजेनं मोटरी काढल्या आणि मला सलाम करणं सोडलं. खूश झाला तो एकटा टँकरवाला. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक मारून म्हणाला, "मास्टरसाब, और एक बार बोलो ना चर्च में! क्या धंदा खुला है मेरा!"

घरी मुलगा कंपनीच्या लोकांशी फोनवर चेन्नईतल्या खोल्यांची चौकशी करत होता, मुद्दाम आमच्यासमोर. सासूबाईंनी ते ऐकलं आणि फोन संपल्यावर सरळ त्यालाच विचारलं, "कुठं चालला रं तू? अन् वाजवायला का जात न्हाईस?" त्यानंही सरळ सांगून टाकलं. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. सासूबाईंनी बराच वेळ सुपातले तांदूळ निवडले. त्यांना ते पटलं होतं असं नाही; "असं बी असतं व्हय?" असं त्या मग महिनाभर अधूनमधून स्वतःशीच म्हणत राहिल्या. पण तेव्हा मान वर करून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "अन् याच्यापायी पाऊस थांबला म्हनता?"

"तसं नाही म्हणालो..."

"तसंच म्हनला तुमी. मंग पिशोरला का नाय पडला? तिकडं कवा गेलं व्हतं हे पोरगं? दोन वर्सं झाली, ये म्हनून म्हनून माजं तोंड दुखलं."

माझ्याकडं पर्जन्यछायेचा आख्खा धडा तयार होता, पण तो त्यांच्याच बाजूचा होता.

मग बायको बोलली. त्या दिवसांत माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची, म्हणून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "याच्या बाप्तिस्म्याला आपल्याला विचारलं होतं, या लेकराला प्रभूच्या वाटेनं वाढवाल का. आपण दोघं 'हो' म्हणालो होतो. तुम्ही तर केवढ्यानं म्हणालात, लोक हसले होते. तेव्हा काही अट घातली होती का, की पुढं सून आणली तरच? मी माझ्यापुरतं तपासून पाहिलं. मला नाही अशी अट आठवत." आणि उठून आत गेली. तिला एवढंच सापडलं होतं आणि त्यावर ती उभी राहिली होती. माझ्याकडं चाळलेलं शास्त्र होतं आणि पाय टेकायला जागा नव्हती.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी पुन्हा उठलो. मंडळीत कुजबूज झाली. पाळकसाहेब माझ्या कानाशी येऊन कळवळून म्हणाले, "मास्तर, आता काय राहिलं? मीटर?"

मी पुलपीटवर गेलो. "पावसाबद्दल मी बोललो ते चूक होतं," मी म्हणालो. "मी भूगोलाचा मास्तर आहे, मला ते चूक आहे हे बोलतानाच कळायला पाहिजे होतं. पाऊस कोणाच्या मुलामुळं थांबत नाही." दोन वाक्यांचं काम तिथं झालं होतं. तिथंच थांबायचं. पण मला पुन्हा रंग चढला. "आणि माझ्या मुलामुळं तर नाहीच नाही! तो जसा आहे तसा देवानं माझ्या पदरात घातलाय. मी त्याला परत करणार नाही!"

एक कुटुंब उठून गेलं. ते पुन्हा आमच्या चर्चला आलंच नाही. काही जण खाली बघत बसले. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. आकाश कोरडं होतं, आणि त्या रविवारीच काय, पुढचेही कितीतरी रविवार कोरडेच गेले. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सांगितलं आणि मंडळीनं ते असं फरफटत नेलं की बाकं शहारली असतील. मुलगा सासूबाईंना स्कूटरवर सोडायला आला होता आणि हेल्मेट हातात धरून दाराशीच थांबला होता. दुसऱ्या कडव्याला तो पुढं आला, ऑर्गनवरचं फडकं काढलं आणि सगळ्यांना सुरात आणलं. भक्तीनं आला की कानांना सोसवेना म्हणून, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

उपासनेनंतर आवारात तो स्कूटर काढत होता. सासूबाई मागं बसायला पदर खोचत होत्या. मी जरा छाती काढूनच जवळ गेलो.

"मग? चेन्नई रद्द ना?"

"रद्द," तो म्हणाला. तोंड मात्र फुगलेलं. "पण मी काय सांगितलं होतं? माझं नाव घेऊ नका म्हणून."

"नाव कुठं घेतलं? मी फक्त 'माझा मुलगा' म्हणालो."

त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं. सासूबाई स्कूटरवर नीट बसल्या, त्याच्या खांद्याला धरलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, लेकरू एकच हाय तुमाला. येवढं तर कोंबडीला बी मोजता येतंय."